क्वायच्या काठानं, सूर्य बुडायच्या आत

आधी एक गोष्ट सांगून टाकते. परदेशी सहलींवर माझा राग होता आणि अजून आहे. बेळगावात चौकाचौकात सहलवाल्यांचे फलक लागलेत, त्यांच्याच खाली उभं राहून मी नदीची पत्रकं वाटलीत. लोक फलकाचा फोटो काढतात आणि पत्रकात भजी बांधून नेतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं मी स्वतः थायलंडला जाऊन आले हे सांगताना मला थोडी लाज वाटते. पण तिथं माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा दिवस गेला, हे सांगताना अजिबात वाटत नाही.

मजा आक्कामुळं. आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील आक्का म्हणतात म्हणून आम्ही पोरंही आक्काच म्हणतो. निपाणीच्या एका शाळेत तिनं जन्मभर भूगोल शिकवला, लग्न केलं नाही. आग्नेय आशियाचा नकाशा ती फळ्यावर खडू न उचलता काढायची, नद्यांसकट. स्वतः मात्र श्रवणबेळगोळ आणि शिखरजी सोडलं तर कुठं गेलेली नव्हती. निवृत्तीनंतर एक दिवस तिचा फोन आला.

"तुझा पासपोर्ट हाय न्हवं?"

"हाय की. का गं?"

"मला एक आगगाडी बघायचीय. नदीच्या कडंकडंनं जाती ती. आणि त्याच नदीत होडीत बसायचंय. दोन्ही एका दिवसात. मुलांना लई वर्षं सांगितलं, आता जरा खरं का खोटं बघून येऊ."

घरात गोंधळ उडाला. अडचण तिच्या वयाची नव्हती, नेमाची होती. आमचं घर जैन. सूर्य बुडाल्यावर खायचं नाही हे आम्ही बाकीचे सोयीनं पाळतो, म्हणजे कुणाचं रिसेप्शन नसलं की पाळतो. आक्का कॉलेजात असल्यापासून पाळते. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, औषधाची गोळी नाही. आणि आता तिला शुगर आहे. डॉक्टरांनी बजावलेलं, गोळ्या चालू आहेत तोवर संध्याकाळचं जेवण चुकवायचं नाही, साखर एकदम उतरते. निपाणीत हे जमतं, कारण साडेपाचला ताट समोर येतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढ्यावरच बोट ठेवून बसले.

"परक्या मुलखात साडेपाचला तुला कोण वाढणार हाय? येकदा जरी चुकलं तर नेम तरी जाईल न्हायतर तू तरी जाशील."

"आणि न्हाय चुकलं तर?"

"तर जा की खुशाल कुठं जायचं तिकडं. पण चुकलं, तर ही पहिली आणि शेवटची. परत नाव काढायचं न्हाय."

"कबूल," आक्का म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या जेवणाची जबाबदारी मी घेतली. कागदावर लिहून, खाली सही करून. चळवळीतल्या माणसांना ही सवयच असते.

तर जानेवारीत आम्ही दोघी कांचनाबुरीला पोचलो. बँकॉकच्या पश्चिमेला, क्वाय नदीच्या काठचं ऐसपैस गाव. आक्काच्या पिशवीत कडक भाकरीची चळत, लसूण न घातलेली शेंगाचटणी, गोळ्या, ग्लुकोज आणि पाणी गाळायचं पांढरं फडकं. गेस्ट हाउसच्या बाईनं पहिल्याच दिवशी आम्हाला एक कामाचा शब्द शिकवला. 'जे'. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असला की त्या खाण्यात मांस, मासा, अंडं काही नाही, वर कांदा-लसूणही नाही. आक्काचा विश्वास बसेना. "आपलंच की गं सगळं! ह्यांना कुणी शिकवलं?"

ती आगगाडी मात्र नुसती देखणी नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इथून ब्रह्मदेशापर्यंत रूळ टाकून घेतले, पकडलेल्या सैनिकांकडून आणि गोळा करून आणलेल्या मजुरांकडून. मजुरांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ होते, बर्मी होते, मलाय होते. माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. गावातल्या स्मशानभूमीत गोऱ्या सैनिकांच्या रांगा आहेत, हिरवळ कापलेली, दगडावर नाव, वय. तसल्या नावांच्या रांगा मजुरांसाठी मी शोधल्या. मला दिसल्या नाहीत. मी फाटकातच तापले. माती सगळ्यांनी वाहिली आणि दगड निम्म्यांनाच, हे कुठलं गणित? आक्का तिथं बराच वेळ हात जोडून उभी राहिली, आणि मग म्हणाली, "लिही. घरी गेल्यावर सगळं लिही. उद्या मात्र साडेपाचला उठायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, डब्यात शाळेची पोरं आणि भाजीच्या टोपल्या. स्टेशनावरच्या पाट्या थाई भाषेत. बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून भांडून मी दोनदा पोलीस स्टेशनात बसून आलेय, आणि इथं एक अक्षर वाचता येत नसताना मी खिडकीला नाक लावून खूश होते. आक्काचं तर काय विचारू नका. परकी भाषा म्हटलं की तिच्या तोंडात आपोआप कानडी येते. निपाणीची सवय. समोर बसलेल्या थाई आजोबांना ती नदी दाखवून "इल्ली नोड्री, इल्ली नोड्री", म्हणजे इकडं बघा, असं म्हणत होती. त्यांना कळत नाही असं वाटलं की तेच आणखी मोठ्यांदा.

"आक्का, त्यांना कानडी येत न्हाय."

"मराठी तरी कुठं येतंय? बघायला लागलेत न्हवं? मग झालं."

खरंच बघायला लागले होते. गाडी लाकडी पुलावर आली आणि चालणाऱ्या माणसाच्या गतीनं सरकू लागली. एका बाजूला कडा इतका जवळ, की कोपर बाहेर काढला तर सोलून निघेल. दुसऱ्या बाजूला खांबांच्या खाली नदी, हिरवी, रुंद, सावकाश. आक्का खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. मी तिचा कुडता मागून धरलेला. आयुष्यातला पहिला सलवार-कुडता, खास होडीसाठी शिवलेला.

आमचा बेत कागदावर चोख होता. वरच्या स्टेशनावर उतरायचं. काठावर भाकरी खायची. मग होडीनं प्रवाहाबरोबर खाली यायचं, चारच्या सुमाराला एका लहान स्टेशनाजवळ बाहेर पडायचं, तिथं परतीची गाडी. साडेपाचला गेस्ट हाउसवर आक्काचं ताट. सूर्य मावळणार सव्वासहाच्या आसपास. वाया घालवायला पाऊण तास हातात होता.

होडीवाला पन्नाशीचा, पोट सुटलेला, सारखा हसणारा गृहस्थ. तो पुढं स्वतःच्या होडीत, मागं आम्हा दोघींची कयाक. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांबट, निमुळती होडी, आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. निघताना त्यानं पाणी आत न जाणारी एक पिशवी पुढं केली आणि आक्काच्या डब्याकडं बोट दाखवलं. ह्यात ठेवा, बरोबर घ्या.

आणि इथं मी माती खाल्ली.

आमच्याकडं कणकुंबीच्या बाजूला सहलीला येणारे लोक ओढ्यात ताटल्या टाकून जातात, म्हणून आम्ही एक पत्रक काढलं होतं. मजकूर माझा होता. 'नदीत खाणं न्यायचं नाही, नदीत खाणं टाकायचं नाही.' ठळक अक्षरात. मी होडीवाल्याला सरळ हात आडवा केला. नो फूड इन रिव्हर. आक्का म्हणाली, "अगं, दोन भाकऱ्या नुसत्या. नदीला काय व्हायचंय?" मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. कपड्यांची आणि डब्याची पिशवी मी होडीवाल्याच्या गाडीतून परस्पर गेस्ट हाउसवर पाठवली. भाकरी त्यात, गोळ्या त्यात, ग्लुकोज त्यात. आक्काच्या गळ्यात राहिली ती गाळलेल्या पाण्याची बाटली. होडीवाला माझ्याकडं बघून हसला, पण हसणं जरा कमी होतं.

होडी पाण्यात पडल्यावर मी हे सगळं विसरले. पहिली दहा मिनिटं आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. आक्का पुढं, मी मागं. मागच्यानं दिशा धरायची असते, हे मला माहीत होतं, आक्काला मान्य नव्हतं.

"डावीकडं! डावं कुठलं कळतंय न्हवं?"

"तू वल्हं उचल, मी वळवते."

"मी कशाला उचलू? मी बरोबर मारतेय. तूच उलटं मारायलीस."

होडीवाला लांब थांबून पोट धरून हसत होता. शेवटी आक्कानं शाळेतली युक्ती काढली, कवायतीची. "एक! दोन! एक! दोन!" आणि काय सांगू, होडी सरळ निघाली. दोन्ही काठांना बांबूची बेटं, पाण्यावर टेकलेल्या फांद्या, पाण्यात बसलेली तरंगती घरं, त्यांच्या ओसरीत वाळत घातलेले कपडे. एका घरातून म्हातारीनं हात केला, आक्कानं वल्हंच वर उचलून केला, आणि होडी परत गोल. एका वळणावर मासे उड्या मारत होते. आक्का एकदम कुजबुजायला लागली. "हळू मार गं, पात्याला लागतील बिचारे." मग अर्धा मैल आम्ही पाण्यात वल्हं लोण्यात सुरी घालावी तसं घालत गेलो. मधेच वर बघितलं तर सकाळचा तो लाकडी पूल डोक्यावर, आम्ही त्याच्या पायाशी. आक्का मान वर करून खांब बघत राहिली. "फळ्यावर मी ह्याची नुसती एक रेघ काढायची," ती म्हणाली.

चार वाजता बाहेर पडलो. चिंब, दमलेल्या, अंगातून वाफा निघत असलेल्या. स्टेशन म्हणजे एक छप्पर, एक घंटा आणि एक बंद टपरी. होडीवाला निरोप घेऊन गेला. गाडी आली नाही. स्टेशनमास्तर दर वेळी दहा बोटं दाखवायचा, दहा मिनिटं. अशी दहा मिनिटं सहा-सात वेळा झाली. मी तीन वेळा जाऊन त्याच्याशी भांडले. तो दर वेळी नमस्कार करायचा. नमस्कार करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे एक त्या देशाचं वाईट आहे.

गाडी आली तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. डब्यात शिरलो आणि हिशेब माझ्या डोक्यात शिरला. गाव सव्वा तासावर, सूर्य त्याच्या आधी जाणार. आक्काला बाकावर बसवून मी खाणं शोधायला निघाले. एक बाई तळलेली कोंबडी घेऊन गेली. दुसरीकडं शेंगदाणे होते, मी धावले. लसणात तळलेले. तिसरीकडं उकडलेली अंडी. परत आले तर आक्का बाकावर टेकून बसलेली, आणि गप्प. आक्का गप्प म्हणजे काहीतरी बिघडलं. तिचा हात बघितला, बोटं थरथरत होती. कपाळाला घाम.

"साखर उतरली का गं?"

"जराशी. चार तास वल्हवलंय, उतरणारच की."

"मिळेल ते खा. मी बघते."

"बघ. हाय अजून तो," आणि तिनं खिडकीबाहेर बोट केलं. नदीपलीकडच्या डोंगरावर सूर्य टेकायला आला होता. मी बघत असतानाच गाडी वळली, डोंगर उंच झाला आणि डब्यात सावली पडली.

"बुडला," आक्का म्हणाली.

"बुडला न्हाय! डोंगराआड गेलाय. तूच शिकवलंयस, सूर्यास्त क्षितिजावर मोजायचा, डोंगरावर न्हाय."

"शिकवलंय. पेपरात आलं तर तसंच लिही. पण नेम मी डोळ्यानं पाळते. दिसत न्हाय तो माझ्यापुरता न्हाय."

"आक्का, तू चक्कर येऊन पडशील!"

"पडले तर उचल."

मी ओरडायलाच लागले. निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी, अख्खा डबा आमच्याकडं वळला. मला रडू येत होतं, आणि राग कुणाचा तर माझ्या स्वतःच्या पत्रकाचा. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, पांढरं पोलकं, पांढरं लुंगीसारखं वस्त्र, मांडीवर कापडी झोळी. तिनं आक्काच्या हाताला हात लावला आणि भुवया उंचावून विचारलं, काय झालं? आक्कानं उत्तर दिलं. कानडीत. पण हातानंही दिलं. बोटांचा घास करून तोंडाकडं नेला, मग सूर्य होता तिकडं दाखवून हात खाली खाली नेला, आणि घासाला नाही म्हणून मान हलवली. सूर्य खाली, खाणं बंद.

म्हातारीचे डोळे मोठे झाले. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग बोट सरळ वर केलं, डोक्यावर, दुपारच्या बारा वाजताच्या सूर्याकडं. घास. नाही.

आक्का ताठ बसली. "अगं बाई! ही दुपारपासनंच खाईत न्हाय! हिचा माझ्यापेक्षा कडक!" गेस्ट हाउसच्या बाईनं नंतर सांगितलं, तो त्यांचा देवळाचा दिवस होता, त्या दिवशी काही बायका पांढरं नेसून देवळात जातात आणि दुपारनंतर अन्न घेत नाहीत. आम्हाला तेव्हा काही माहीत नव्हतं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून हसत होत्या, आणि आक्काची बोटं तशीच थरथरत होती.

म्हातारीनं झोळीतून बांबूची एक नळी काढली. हातभर लांब, वरून सोललेली. तिनं ती केळ्यासारखी सोलली, आत भात, घट्ट, पांढरा, नारळाच्या दुधात शिजवलेला, मधे काळ्या घेवड्याचे दाणे. "जे?" मी विचारलं. "जे, जे," ती म्हणाली. आक्कानं वास घेतला आणि नळी मांडीवर ठेवली.

"डोंगर संपला आणि तो दिसला, तर खाईन."

हे म्हातारीला कळलं. कसं कळलं मला विचारू नका. ती उठली आणि डब्याला काहीतरी म्हणाली, आणि त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून मुंडकी बाहेर गेली. कोंबडीवाली, अंडीवाली, शाळेची पोरं, एक गणवेशातला गार्ड. तेवढ्यात गाडी थांबली. कुठलंसं स्टेशन, कुणी चढेना, कुणी उतरेना. अख्ख्या डब्यानं गार्डला हाका मारल्या. तो माणूस पळत फलाटावर गेला आणि हिरवा झेंडा हलवूनच परत चढला. झेंडा आमच्यासाठी हलवला की वेळच झाली होती, ठाऊक नाही. मी आमच्यासाठी धरून चालते.

गाडी निघाली. डोंगर बुटका झाला, मग मागं सरकला, आणि एकदम दोन्ही बाजूंना ऊस. चिकोडीच्या वाटेवर असतो तसाच, तुऱ्याला आलेला. आणि उसाच्या वर, वीतभर वर, सूर्य. लाल, मोठा, आरामात बसलेला.

डबा ओरडला. म्हातारी टाळ्या पिटत होती. मी म्हटलं, "खा!"

आक्कानं डोळे मिटले आणि हात जोडले. जेवणाआधी ती णमोकार मंत्र म्हणते. सावकाश म्हणते.

"आक्का, तो चाललाय!"

एक डोळा उघडून तिनं मला बघितलं, मिटला, आणि उरलेलं पूर्ण केलं. मग घास घेतला. दुसरा, तिसरा. पोरं थाईत मोजत होती, प्रत्येक घासाला एक आकडा. भात गोड होता. एरवी गोडाला हात न लावणारी ही बाई बोटं चाटत होती. सूर्य उसाच्या तुऱ्यात शिरला तेव्हा ती म्हणाली, "पाणी," आणि अर्धी बाटली एका दमात प्यायली. तोंड पुसलं. नळीत निम्मा भात उरला होता. बाहेर शेवटची लाल किनार राहिली, आणि गेली.

"झालं," आक्का म्हणाली आणि नळी माझ्या हातात दिली. "तू खा. तुझं काय अडत न्हाय."

बोटं थांबली होती. गालावर रंग आला होता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि तिनं मला ढोसलं. "ह्या, रडायला काय झालं? चुकलं न्हाय न्हवं?"

"न्हाय चुकलं."

"म्हणजे जाता येतंय." तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं. म्हातारी समोर बसल्या बसल्या पेंगायला लागली होती. मग आक्का माझ्याकडं वळली, आवाज पुन्हा नेहमीसारखा, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा.

"ब्रह्मदेशात इरावतीच्या काठानं जाती का गं एखादी गाडी?"

तोंडात चिकट भात होता. मी नुसती मान हलवली, आणि तोच तिनं होकार धरला.